उन्हाळ्यात नांदूर मधमेश्वरला जे दिसतं ते ओळखायचं कसं: आधी पाणी बघा, मग पक्षी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही सहावीतल्या मुलीला घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने गेलात, मोबाईलवर सहा फोटो काढले, अ‍ॅपने प्रत्येक फोटोला तीन-तीन नावं दिली आणि मुलगी विचारतेय की यातलं खरं कुठलं, तर आता कुठलं अ‍ॅप किंवा कुठलं पुस्तक घ्यावं. शिवाय तिथे कोणीतरी सांगितलं की उन्हाळ्यात इथे काही नसतं, डिसेंबरात या.

आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलते, कारण ते ऐकून लोक परत फिरतात आणि मला दरवेळी वाईट वाटतं. डिसेंबरात तिथे बदकं हजारोंनी असतात हे खरं आहे. पण ते पाहुणे. उन्हाळ्यात जे उरतं ते तिथलं घरचं माणूस, आणि त्याचे लग्नाचे कपडे, त्याची अंडी-पिल्लं, त्याची भांडणं हे सगळं एप्रिल ते ऑगस्टमध्येच बघायला मिळतं. शिकायला सुरुवात करणाऱ्यासाठी तर मे महिना उलट सोपा, कारण ओळखायच्या जातींची यादीच निम्म्याने कमी झालेली असते. मी ज्युनियर कॉलेजला बॉटनी शिकवते, गेली अठरा वर्षं मुलांना घेऊन त्या पाणथळीवर जाते, आणि नवीन बॅचला मी मुद्दाम पहिल्यांदा उन्हाळ्यातच नेते.

आता अ‍ॅपचं. अ‍ॅप वाईट नाहीत, मर्लिन आणि आयनॅचरलिस्ट मी स्वतः रोज वापरते. पण अ‍ॅपला फक्त तुमचा फोटो दिसतो. तो पक्षी घोटाभर पाण्यात उभा होता की पाणकणसात घुसत होता, आजूबाजूला त्याचे अजून चार होते की एकटा, मे महिना होता की जानेवारी, हे तुम्ही त्याला सांगितलं नाही तर त्याला कळत नाही (तारीख आणि जागा टाकली तर उत्तर बरंच सुधारतं, ते आधी करा). लांबून झूम करून काढलेल्या फोटोत रंग उन्हाने पार धुऊन निघालेला असतो आणि अ‍ॅप त्या रंगावर अंदाज बांधतं. म्हणून कुठलं अ‍ॅप घ्यावं यापेक्षा मी म्हणेन, फोटो काढायच्या आधी तो जीव कुठल्या पट्ट्यात होता ते बघायची सवय मुलीला लावा. पाणथळीत प्रत्येकाची जागा पाण्याच्या खोलीप्रमाणे वाटून घेतलेली असते. वनस्पतींची तर असतेच असते, आणि पक्षी त्या वनस्पतींच्या मागे.

हे नांदूरला इतकं स्पष्ट का दिसतं त्याला कारण आहे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे निफाड तालुक्यात ब्रिटिशांच्या काळातला बंधारा आहे, शंभर वर्षांहून जुना. त्यामागे इतकी वर्षं गाळ साठत गेला, त्या गाळाची बेटं झाली, उथळ डबकी झाली, दलदल झाली. धरण म्हणून विचार केला तर तो गाळ नुकसान, पण पाणपक्ष्यांसाठी तीच जमीन. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. म्हणजे निसर्ग आणि माणूस दोघांनी मिळून केलेली जागा आहे ती.

आणि इथेच एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, तुम्हाला काय दिसेल हे फार अवलंबून आहे कालव्याच्या आवर्तनावर. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की बंधाऱ्यात पातळी चढते, आवर्तन संपलं की उतरते, आणि पातळी वीतभर जरी हलली तरी सपाट गाळावर पाण्याची कड कितीतरी लांब सरकते. मी एका आठवड्यात शेकाट्या पक्ष्यांची दहा-बारा घरटी बघितलेल्या चिखलावर पुढच्या आठवड्यात गुडघाभर पाणी बघितलंय. त्यामुळे मी खाली जे लिहितेय ते पाणी उतरलेलं असताना जास्त खरं, तुम्ही गेलात तेव्हा पाणी भरलेलं असेल तर काठाचा चिखलाचा पट्टा तुम्हाला दिसलाच नसेल.

तुमच्या फोटोंकडे येते, पण पाण्याकडून काठाकडे अशा क्रमाने.

मधलं मोकळं पाणी तुम्ही फोटोत घेतलंच नाही, सगळेच सोडतात कारण लांब असतं. तिथे पाणकावळे बुड्या मारत असतात आणि टिबुकली असते. टिबुकलीला बदकाचं पिल्लू समजू नका, मुठीएवढी असते आणि बघता बघता बुडी मारून भलतीकडेच वर येते. उन्हाळ्यात तिची मान विटकरी-तांबडी होते आणि चोचीच्या मुळाशी एक पिवळट ठिपका येतो, तो बायनॉक्युलरमधून लख्ख दिसतो. हिवाळ्यात हीच टिबुकली मळकट तपकिरी असते आणि पुस्तकात दोन चित्रं दिलेली असतात ती याचमुळे.

तुमचा चौथा फोटो, तपकिरी बदकांची जोडी, याच पट्ट्याच्या कडेचा. अ‍ॅपने पिंटेलची मादी, गॅडवॉलची मादी आणि स्पॉट-बिल्ड अशी तीन नावं दिली म्हणालात. इथे कॅलेंडर उपयोगी पडतं. पिंटेल, गॅडवॉल, थापट्या ही मंडळी मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघून जातात, एखादं भुवई बदक उशिरा रेंगाळतं. मे महिन्यात जोडीने फिरणारं मोठं तपकिरी बदक म्हणजे आधी हळदी-कुंकू, अ‍ॅपचं स्पॉट-बिल्ड, समजा आणि मग ते नाही हे सिद्ध करायला बघा. फोटो मोठा करून चोच बघा, काळ्या चोचीचं टोक पिवळं म्हणजे हळद, आणि मुळाशी कपाळाकडे दोन लाल ठिपके म्हणजे कुंकू. मादीचे लाल ठिपके पुसट असतात, कधी दिसतही नाहीत, पण हळद दिसतेच. आणि बसलेलं असताना पंखाच्या मागच्या बाजूला पांढरा पट्टा चमकतो. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने ओळखायची खूणच नावात बांधून ठेवली, म्हणून मुलीला इंग्रजी नावाच्या आधी हे नाव शिकवा. त्याच पाण्यात लालसर तपकिरी, जरा लहान, मान उंच करून बसलेली आणि उडाली की शीळ घालत जाणारी टोळी दिसली तर ती अडई.

यानंतर तरंगत्या पानांचा पट्टा. तुमचा पाचवा फोटो इथला, पानांवरून चालणारा तपकिरी पक्षी. तो कमळपक्षी यात शंका नाही, पायाची बोटं बघा केवढी लांब आहेत, वजन वाटलं जावं म्हणून. पण दोनपैकी कुठला? या दोघांच्या बाबतीत मी सुरुवातीची दोन वर्षं नोंदवहीत चुकीचं लिहीत होते, नंतर एका ज्येष्ठ पक्षीनिरीक्षकाने माझी पानं बघून सांगितलं तेव्हा मी त्या सगळ्या नोंदी लाल पेनाने दुरुस्त केल्या. गोंधळ असा होतो की लांबशेपट्या कमळपक्षी उन्हाळ्यात ओळखायला अगदी सोपा, चॉकलेटी अंग, पांढरे पंख, मानेमागे सोनेरी पट्टा आणि कोंबड्यासारखी लांब वळलेली शेपटी. पण ही शेपटी कायमची नसते, विणीचा हंगाम संपला की गळते. आणि दुसऱ्या जातीचं, ताम्रपंखी कमळपक्ष्याचं, लहान वयाचं पाखरू वरून तपकिरी आणि खालून पांढरट असतं, ते बिनशेपटीच्या लांबशेपट्यासारखंच वाटतं. मी शेपटी नाही म्हणून, पोट पांढरं म्हणून, असं काहीतरी बघून नाव लिहायचे. त्यावर एकच पक्की खूण आहे, तो उडेपर्यंत थांबा. उडताना पंख पांढरे लखलखले तर लांबशेपट्या, कुठल्याही वयाचा, कुठल्याही महिन्यातला. पंख गडदच राहिले तर ताम्रपंखी. तुमच्या फोटोत तो बसलेला आहे, पाठ चकचकीत हिरवट-तांबूस आणि डोळ्यावर पांढरी भुवई दिसतेय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मोठा झालेला ताम्रपंखी. मुलीला अजून एक सांगा, कमळपक्ष्यांत अंडी बाप उबवतो आणि पिल्लंही तोच सांभाळतो, आई दुसऱ्या नराकडे जाऊन पुन्हा अंडी घालते. आमच्या वर्गात हे सांगितलं की मुली जास्त लक्ष देऊन बघायला लागतात.

पानांवरून पक्षी गेला की पानं बघायची. आपल्याकडे पाण्यात जे काही गोल पान आणि फूल दिसेल त्याला कमळच म्हणतात. खऱ्या कमळाचं पान पूर्ण गोल, देठ मधोमध जोडलेला, आणि बरीचशी पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उचललेली, त्यावर पाणी टाकलं की मोत्यासारखं घरंगळतं. कुमुदाचं पान पाण्यावर सपाट पडलेलं आणि एका बाजूने देठापर्यंत चिरलेलं, पोळीतून एक फोड काढल्यासारखं. अशीच चीर असलेलं पण बरंच लहान पान आणि बोटाच्या पेराएवढं पांढरं फूल, पाकळ्यांना झालरीसारखे केस, ती कुमुदिनी, ती कुमुदाची पिल्लं नव्हेत, कूळच वेगळं.

तुमच्या सहाव्या फोटोत खालच्या कोपऱ्यात जे हिरवं गच्च तरंगतंय ती जलपर्णी. देठ फुग्यासारखा फुगलेला असतो, कापला की आत स्पंज. फूल फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर निळ्यात पिवळा ठिपका, मोराच्या डोळ्यासारखा. फार सुंदर दिसतं आणि मुलं हटकून घरी न्यायला मागतात. नेऊ देऊ नका, आणि दुसऱ्या कुठल्या तळ्यात किंवा विहिरीत तर अजिबात टाकू देऊ नका, एका रोपाची बाजूने धावणारी फांदी नवीन रोप, त्याची अजून नवीन, असं करत पाण्याचं झाकण होतं आणि खालच्या झाडांना ऊन मिळणं बंद. मूळ दक्षिण अमेरिकेतली आहे, इथलं काही तिला फारसं खात नाही. जलपर्णीसोबत कोबीच्या लहान गड्ड्यासारखं, मखमली पानांचं, फुगा नसलेलं दिसलं तर ते गोंडाळ.

पुढचा पट्टा उंच गवतांचा, आणि तुमचा सहावा फोटो मुख्यतः याचाच. अ‍ॅपने नुसतं गवत म्हणून सोडून दिलं, तर तिथे हात लावून तपासायच्या दोन गोष्टी आहेत. खोड बोटांत धरून फिरवा. तीन धारा जाणवल्या तर तो लव्हाळ्याचा गोतावळा, नागरमोथाही त्यातलाच. गोल आणि पोकळ, मध्ये बांबूसारखी पेरं, आणि वर पिसाऱ्यासारखा तुरा असेल तर नळ. आणि पेरं नाहीत, बुडापासून पट्टीसारखी चपटी लांब पानं निघाली आहेत, मधून सरळ दांडा वर आलाय आणि त्यावर तपकिरी मखमली कणीस, तर पाणकणीस, काही लोक रामबाण म्हणतात. तुमच्या फोटोतलं पाणकणीस आहे. उन्हाळ्यात ती कणसं फुटतात आणि आतून कापूस निघतो, रुईच्या म्हातारीसारखा वाऱ्यावर उडतो, एका कणसात बिया अगणित. पाणकणीस वाढत चाललंय म्हणजे तिथे गाळ भरतोय आणि पाण्यात वरून खत-सांडपाण्याचं पोषण येतंय असं मी समजते. थोडं पाणकणीस हवंच, लपायला आणि घरट्याला. पण मोकळं पाणी खाऊन टाकायला लागलं की बदकांची जागा जाते, हा तोल दरवर्षी बदलतो आणि याच कारणाने मी दर मे महिन्यात ठरलेल्या चार जागांवरून फोटो घेऊन ठेवते.

तुमचा पहिला फोटो या पाणकणसाच्या कडेचा. जांभळट निळी, मोठ्या कोंबडीएवढी, लाल चोच, कपाळावर लाल ढाल, लांब लालसर पाय, म्हणजे जांभळी पाणकोंबडी. तिला पाणकणसाचा कोवळा कोंब उपटून, एका पायाच्या मुठीत धरून, सोलून खाताना बघा, पोपटासारखी धरते. चालताना शेपटी उडवते आणि खालचा पांढरा भाग चमकतो. अ‍ॅपने मूरहेन आणि कूट ही बाकीची दोन नावं दिली त्याचं कारण तिघी एकाच कुळातल्या, आणि सकाळच्या उलट्या उजेडात तिघी काळ्याच दिसतात. तेव्हा रंग सोडा आणि चोच बघा. कूट म्हणजे आपला वारकरी, सगळा काळा आणि चोच-कपाळ पांढरं, कपाळी गंध लावल्यासारखं म्हणून वारकरी. तो गवतात कमी, पाण्यात पोहत जास्त असतो, बोटांना पाकळ्यांसारखे पडदे असतात आणि बुडी मारतो. मूरहेनची चोच लाल पण टोक पिवळं, कुशीवर एक पांढरी रेघ, पाय हिरवट पिवळे. ती गवताच्या आणि पाण्याच्या मध्ये राहते, पोहताना दर हिसक्याला मान हलवते. चौथी एक आहे, पांढऱ्या छातीची, तिचं तोंड-छाती पांढरं आणि शेपटीखाली तांबूस. ती दिसण्याआधी ऐकू येते, मे संपता संपता पहिले ढग आले की कुआक-कुआक चालू होतं ते रात्रभर, खेड्यात लोक तिला कुआक कोंबडीच म्हणतात.

याच गवतात जांभळा बगळा उभा असतो, सडपातळ, तांबूस मान, गवताच्या काड्यांमध्ये मान सरळ करून उभा राहिला की दहा फुटांवरून सापडत नाही. त्याचा भाऊ राखी बगळा मात्र उघड्यावर उथळ पाण्यात उभा असतो. दोन्ही मोठे, दोन्ही उंच, पण जागा वेगळ्या. मी म्हणते पट्टा बघा, तो यासाठी.

इथे एक सावधगिरी. पाणकणसाच्या आत शिरू नका, मुलीला तर मुळीच नको. खाली गाळ किती खोल आहे कळत नाही, मे-जूनपासून आत घरटी असतात, आणि दिवड असतात. दिवड हा पाण्यातला बिनविषारी साप, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके आणि डोळ्याखालून तिरक्या दोन काळ्या रेघा. चिडका आहे, पकडला तर चावतो, पण विष नाही. बेडूक आणि मासे खातो. माझी कळकळीची विनंती आहे की त्याला मारू नका आणि दुसऱ्याला मारू देऊ नका. बांधावरच्या वाळक्या गवतात मात्र घोणस असू शकते, ती अत्यंत विषारी, म्हणून बांधावर बूट घालूनच चालायचं आणि पाय टाकायच्या आधी बघायचं. आणि त्या भागात उसाला लागून वाटा आहेत, निफाडच्या उसात बिबटे राहतात हे स्थानिक माणूस तुम्हाला सांगेलच, तर पहाटे अंधारात किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्या वाटांनी मुलांना घेऊन फिरू नका.

आता चिखल आणि घोटाभर पाणी. तुमचा दुसरा फोटो, काळा-पांढरा, लाल लांब काठ्यांवर उभा असल्यासारखा, सुईसारखी सरळ काळी चोच, तो शेकाट्या. याच्याबाबत अ‍ॅप चुकलं नाही, चुकणं कठीणच. पाठ चकचकीत काळी असेल तर नर, तपकिरी झाक असेल तर मादी. तो डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला होता असं तुम्ही लिहिलंय आणि मुलीला वाटलं की तो खेळतोय. ताई-दादा कोणीही असाल, हे नीट वाचा, तो खेळत नव्हता. एप्रिलपासून शेकाट्या, टिटवी आणि नदी सुरय या उघड्या चिखलावर आणि बेटांवर जमिनीवरच अंडी घालतात, बहुतेक वेळा तीन-चार, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची, आणि पायाखाली आली तरी दिसत नाहीत. तुम्ही घरट्याजवळ गेला होतात. तुम्ही तिथे जितकी मिनिटं उभे, तितकी मिनिटं अंडी भर उन्हात उघडी, आणि मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन ४० अंशाच्या आसपास. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, अंडी थंड ठेवायला. इतका आटापिटा ती करते. तेव्हा पक्षी डोक्यावर ओरडायला लागला की आलो त्याच पावलांवर मागे फिरायचं, फोटो नाही आला तरी चालेल. आणि घरट्याचा फोटो आला असेल तर तो जागेसकट कुठेही टाकू नका.

याच चिखलात फुटलेले मोठे गोल शंख पडलेले दिसतील, ते मुलीला गोळा करू द्या, तो चांगला धडा आहे. पाणी उतरलं की शंखगोगलगायी उघड्या पडतात आणि उघड्या चोचीचा करकोचा त्या खातो. त्याच्या चोचीच्या दोन पात्यांमध्ये फट असते, अडकित्त्यासारखी दिसते. मात्र फट नाही म्हणून तो नाहीच असं समजू नका, पिल्लांच्या चोचीत फट नसते, वय वाढेल तशी येते.

चिखल वाळत जातो तिथे जमिनीलगत पसरणारी झाडं उगवतात आणि माझ्या बॉटनीच्या मुलांना मी इथे सगळ्यात जास्त वेळ बसवते. माका ओळखायचा तर छोटं पांढरं फूल आणि खरखरीत पान, पण खात्रीची परीक्षा म्हणजे पान चुरगाळून तळहातावर घासा, रस थोड्या वेळात काळा पडतो. जाड रसरशीत बारीक पानांची, फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांची नीरब्राह्मी त्याच ओलीत सापडते. कमरेएवढं उभं, गुलाबी फुलांचे तुरे आणि प्रत्येक पेरावर फुगीर गाठ व तिच्यावर पातळ कागदासारखी नळी असेल तर शेरल.

आणि दोन झाडांचा गोंधळ धोक्याचा आहे म्हणून वेगळं सांगते. बेशरम आणि नाळीची भाजी, दोघांची फुलं एकसारखी, फिकट गुलाबी-जांभळी, कर्ण्यासारखी, दोघं एकाच वंशातली. बेशरम म्हणजे माणसाच्या उंचीचं उभं झुडूप, खोड टणक, पान बदामी आणि लांब टोकाचं. नाळीची भाजी पाण्यावर पसरते, खोड पोकळ नळीसारखं म्हणून तरंगतं, पान बाणाच्या टोकासारखं. बेशरम विषारी, शेळ्या सतत खात राहिल्या तर आजारी पडतात. नाळीची भाजी खाण्याची, पण या पाण्यातली खाऊ नका, पाणी नाशिक शहरातून वाहत येतं आणि पानात काय उतरलंय ते डोळ्याला दिसत नाही.

चतुर आणि टाचण्या यांना तुम्ही सगळ्यांना हेलिकॉप्टर म्हटलंय, लहानपणी आम्हीही म्हणायचो. बसल्यावर पंख पसरलेले आणि डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले तो चतुर, पंख पाठीवर मिटलेले आणि डोळे दोन बाजूंना लांब ती टाचणी. काठाच्या गवतावर नारिंगी पंखांचे छोटे चतुर शेकड्याने दिसले तर पाणी फार स्वच्छ नाही असं समजा, ती जात घाण पाणी सहन करते. पावसाच्या सुमाराला पिवळट चतुरांचे थवे मोकळ्या हवेत उडताना दिसतील, ते लांबून येणारे, त्यांची गोष्ट वेगळी.

राहिला तिसरा फोटो, पांढरा बगळा, आणि याचं नाव मी तुम्हाला देऊ शकत नाही. कारण सांगते. पांढरे बगळे आपल्याकडे चार, आणि उन्हाळा त्यांच्यात सगळ्यात जास्त घोळ घालतो. गायबगळा सुटतो, विणीच्या काळात त्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी होते. ढोकरी, ज्याला पुस्तकात वंचक म्हणतात, ती या चारांतली नव्हे पण उडताना पांढरी दिसते, तीही सुटते, तिची पाठ मे महिन्यात गडद तांबडी-जांभळट होते, उडाली की पांढरे पंख. पण लहान, मध्यम आणि मोठा हे तिघं पूर्ण पांढरेच राहतात, आणि पुस्तकात चोच पिवळी लिहिलेल्या मध्यम आणि मोठ्या बगळ्याची चोच विणीच्या दिवसांत काळी होते, म्हणजे काळी चोच म्हणून लहान बगळा असं म्हणायचीही सोय नाही. अ‍ॅपने तुम्हाला तीच तीन नावं दिली, बरोबरच केलं त्याने.

यावर माझी पद्धत अशी, आकार एकट्या पक्ष्यावर ठरवायचा नाही, शेजारी शेकाट्या किंवा ढोकरी असेल त्याच्याशी ताडून बघायचा. मग तोंडाची चीर कुठपर्यंत जाते ते बघायचं, डोळ्याच्या मागेपर्यंत गेली तर मोठा, डोळ्याखाली थांबली तर मध्यम. आणि पायाची बोटं, काळ्या पायाला पिवळी बोटं असली की लहान बगळा, यात वाद नाही, शिवाय विणीत डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात. तुमच्या फोटोत तोंड वळलेलं आहे, पाय पाण्यात आहेत आणि शेजारी कोणी नाही. पुढच्या वेळी सहाच्या आसपास सूर्य उगवताना पोहोचा, सूर्य पाठीमागे ठेवून उभे राहा, आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण कोणाकडून तरी मागून आणा, आणि फोन खिशात ठेवून तो बगळा एक पाऊल उचलेपर्यंत थांबा. मुलीला सांगा बोटांचा रंग तिने बघायचा आहे. बगळा शिकार करताना लहान असेल तर पाय चिखलात हलवून मासे उठवतो, फार वेळ थांबावं लागत नाही. काय रंग दिसला ते तिने वहीत, तारीख आणि पाणी किती होतं त्यासकट लिहिलं की मला कळवा, मग तिसऱ्या फोटोचं नाव आपण लिहू.